आमच्या त्रिमिती फोटो स्पर्धेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: जागेवरची खोली आणि टेबलावरची खोली

पावसाळा सरला की ठाण्यातल्या आमच्या छोट्या स्टिरिओ फोटो गटाकडे प्रवेशिकांची चौकशी सुरू होते. पूर्वी लोक विचारायचे, "चष्मा तुम्ही देणार की आम्ही आणायचा?" आता बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: कॉम्प्युटरवर किती केलेलं चालतं? दर वेळी फोनवर अर्धा तास बोलून माझा चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच भांडणं झाली होती.

स्टिरिओ फोटो म्हणजे थ्रीडी सिनेमासारखंच ना?

थ्रीडी सिनेमाचा पणजोबा म्हणा. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोघांना समोरचं दृश्य किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला घ्या, लगेच कळेल. तेवढ्याच अंतरावरून दोन फोटो काढून डावा डाव्या डोळ्याला आणि उजवा उजव्या डोळ्याला दाखवला की चित्रात खोली उभी राहते. (खोली म्हणजे डेप्थ. ठाण्यात अनामत रक्कम भरून मिळते ती वेगळी.)

हे पहिल्यांदा नीट मांडलं इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८३८ मध्ये. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. म्हणजे स्टिरिओ आधी आणि फोटो नंतर. व्हीटस्टन यांनी दाखवलेल्या जोड्या हाताने काढलेल्या रेघांच्या आकृत्या होत्या. "आमच्या काळी सगळं शुद्ध होतं" म्हणणाऱ्या मंडळींना मी हे आवर्जून सांगतो. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप (अशा जोड्या बघायचं यंत्र) बनवला, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो गाजला आणि घरोघरी गेला. आपल्यापैकी पुष्कळांची या प्रकाराशी पहिली ओळख झाली ती व्ह्यूमास्टरच्या चकतीतून: चित्रं चौदा, दृश्यं सात, आणि खटका दाबायला भावंडांची मारामारी.

स्पर्धेत दोन गट कशासाठी? फोटो चांगला की वाईट एवढंच बघा ना.

आम्हीही तेच म्हणायचो. मग चंद्राचं प्रकरण झालं.

काही वर्षांपूर्वी एक प्रवेशिका आली. तलावपाळीची, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठावरची संध्याकाळ, पुढे कठड्याची जाळी, पाण्यामधलं शंकराचं देऊळ आणि कळसाच्या मागून अर्धा वर आलेला पूर्ण चंद्र. परीक्षक मी होतो. रात्री उशिरा, दमलेलो असताना, मी जोडीतलं फक्त डावं चित्र पडद्यावर मोठं करून पाहिलं आणि पहिला नंबर देऊन टाकला. चूक सगळी माझी. स्टिरिओ स्पर्धेचा फोटो एका डोळ्याने तपासणं म्हणजे वरणाचा नुसता रंग बघून मीठ ठरवणं.

बक्षीस समारंभात फोटो सगळ्यांनी व्ह्यूअरमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या दोन भिंगांतून, पाहिला. आमच्या गटात एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात मशिनचे सुटे भाग आखले. ते व्ह्यूअर डोळ्याला लावून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, हा चंद्र कठड्याला टांगलाय."

खरंच होतं. चंद्र देवळाच्या मागे झाकला गेलेला दिसत होता, पण खोलीत तो देवळाच्या कितीतरी पुढे, जाळीच्या पातळीवर लटकत होता. डोळा म्हणतो पुढे, कळस म्हणतो मागे. दोन मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. झालं असं होतं की चंद्र दुसऱ्याच फोटोतून उचलून दोन्ही चौकटींत अगदी एकाच जागी चिकटवला होता.

फोटो काढणाऱ्या दादांनी लगेच कबूल केलं. नियमात "चंद्र चिकटवू नये" असं कुठे लिहिलं होतं? नव्हतंच लिहिलेलं. त्यामुळे बक्षीस काढून घेता आलं नाही आणि दुसऱ्या नंबरवाल्या ताई आजही माझ्याशी जरा तुटकच बोलतात. त्या दिवसापासून दोन गट आहेत. एक "जागेवरचा", दुसरा "टेबलावरचा".

एकाच जागी चिकटवला तर चंद्र पुढे का आला? तो तर दोन्ही डोळ्यांना सारखाच दिसतो.

हे समजलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

स्टिरिओ फोटोची चौकट ही खिडकीसारखी असते. फोटो जुळवताना आपण ठरवतो की सर्वांत जवळची वस्तू या खिडकीला टेकेल. तलावपाळीच्या फोटोत ती कठड्याची जाळी. म्हणजे जाळी दोन्ही चौकटींत नेमकी एकाच ठिकाणी येते. आता जे जे जाळीच्या मागे आहे ते डाव्या चौकटीत थोडं डावीकडे आणि उजव्या चौकटीत थोडं उजवीकडे सरकतं. जितकं लांब, तितकी ही सरक जास्त. देऊळ बरंच सरकतं, पलीकडच्या काठावरच्या इमारती अजून, आणि चंद्र सगळ्यांत जास्त.

किती? स्टिरिओवाल्यांचा जुना अंदाज असा, की जवळच्या आणि लांबच्या वस्तूच्या सरकण्यातला फरक चौकटीच्या रुंदीच्या तिसाव्या भागाच्या आसपास ठेवावा. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात हे झाले ६४ पिक्सेल. दादांनी खिडकी बसवून झाल्यावर चंद्र आणला आणि त्याची सरक ठेवली शून्य. शून्य म्हणजे जाळीची पातळी. त्या चंद्राला साठेक पिक्सेलचा प्रवास बाकी होता.

साध्या, सपाट फोटोत चंद्र कुठेही लावा, फार तर कोणी म्हणेल मोठा झाला. इथे दोन डोळे म्हणजे दोन साक्षीदार आहेत आणि दोघांची जबानी जुळायला लागते.

मग कॉम्प्युटरला हातच लावायचा नाही का?

तसं केलं तर एकही प्रवेशिका येणार नाही, माझीसुद्धा. हातात कॅमेरा धरून दोनदा क्लिक केलं की एक फोटो दुसऱ्यापेक्षा थोडा तिरका, थोडा वर, थोडा लहानमोठा येतोच. उभ्या दिशेने जरासा फरक राहिला तरी डोळ्यांना त्रास होतो, कारण डोळे आडवे जुळवून घेतात, उभे नाही. जपानच्या मासुजी सुतो यांनी बनवलेलं स्टिरिओ फोटो मेकर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते वळवणं, समतल करणं, खिडकी बसवणं हे सगळं काही सेकंदांत करतं. आमच्यातले जवळपास सगळे तेच वापरतात.

फिल्मच्या जमान्यातही हेच चालायचं, फक्त चिमटा आणि चिकटपट्टी घेऊन. स्टिरिओ रिअलिस्ट हा अमेरिकन कॅमेरा १९४७ पासून बाजारात होता. त्याच्या स्लाइड कापून, चौकटीत बसवून, भिंगाखाली केसभर इकडे-तिकडे सरकवत बसायचं. काकांनी हा उद्योग तरुणपणी केलाय. त्यांच्या हाताला स्थिरपणा होता, आपल्याकडे माउस आहे. काम तेच.

तेव्हा आमची रेघ कॉम्प्युटरपाशी नाही. आम्ही एवढंच विचारतो: फोटोतली खोली आली कुठून? त्या जागेवरून कॅमेऱ्याने आणली असेल तर जागेवरचा गट. घरी बसून बनवली, भरली, हलवली असेल तर टेबलावरचा.

जागेवरच्या गटात काय काय चालतं, एकदा सांगून टाका.

वळवणं, समतल करणं, खिडकी बसवणं, कडा कापणं. उजेड, गडदपणा आणि रंग दोन्ही चित्रांत सारखे करणं. कृष्णधवल करणं (पण पूर्ण आणि दोन्हीकडे). भिंगावरच्या-सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसणं. एवढं केलं तर आम्हाला विचारायचीही गरज नाही.

धूळ पुसलेली चालते, मग विजेच्या तारा पुसल्या तर काय बिघडलं?

धूळ जागेवर नव्हती, कॅमेऱ्यात होती. तारा जागेवर होत्या. इतका सरळ हिशोब आहे.

पण हा प्रश्न ठाण्यात जितका येतो तितका बहुधा कुठेच येत नसेल. चरई, नौपाड्यात एखादं जुनं कौलारू घर अजून उभं दिसतं. फोटो काढावासा वाटतो आणि समोरून केबलवाल्याच्या अकरा तारा गेलेल्या असतात. एका मुलीने असाच फोटो काढला आणि तारा पुसल्या. आकाशातल्या तारा बेमालूम गेल्या, कारण आकाशाला खोली दाखवायला काही खूणच नसते. छपरावर मात्र तिने शेजारची कौलं घेऊन त्यांनी तारा झाकल्या. डाव्या चित्रात घेतली एका ठिकाणची, उजव्या चित्रात दुसऱ्याच ठिकाणची. सपाट बघितलं तर उत्तम. व्ह्यूअरमध्ये बघितलं तर छपरावर तारेच्या रेषेत एक लांब चर पडलेली, कोणी नांगर फिरवल्यासारखी.

टेबलावरच्या गटासाठी हे करायचंच असेल तर एक युक्ती आहे. तार जवळ असते, छप्पर लांब. त्यामुळे डाव्या चित्रात तारेने जे कौल झाकलंय ते उजव्या चित्रात बऱ्याचदा उघडं असतं. तिथलं उचला आणि इथे लावा. खरं कौल, खऱ्या जागी. हे काम किचकट आहे, पण झालं की इतकं सुंदर होतं की करणाऱ्याला दाद द्यावीच लागते.

माझ्याकडे एकच फोटो आहे. ॲपने तो थ्रीडी करून दिला. चालेल?

टेबलावरच्या गटात चालेल, आणि प्रवेशिकेत "एका फोटोवरून" असं स्पष्ट लिहायचं.

ही ॲप अंदाजाने ठरवतात की चित्रातला कुठला भाग जवळचा आणि कुठला लांबचा. त्यानुसार पिक्सेल सरकवून दुसऱ्या डोळ्याचं चित्र तयार करतात. २०२४ पासून ॲपलच्या डोक्यावर चढवायच्या यंत्रात तर जुन्या सपाट फोटोला बटण दाबून खोली येते. एका ताईंनी त्यात आपल्या वडिलांचा जुना फोटो पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणाला मी कुठलाही नियम लावणार नाही.

स्पर्धेत मात्र अडचण येते. वडिलांच्या खांद्यामागे जे झाकलेलं होतं ते कुठल्याच कॅमेऱ्याने पाहिलेलं नाही. दुसरा डोळा थोडा बाजूने बघतो, त्याला तो झाकलेला तुकडा दिसायला हवा, तेव्हा ॲप तो मनाने भरतं. केसांच्या कडेला, चष्म्याच्या काचेत, झाडाच्या पानांत ही ठिगळं लगेच कळतात. दुसरं म्हणजे अशा पुष्कळ चित्रांत माणसं पुठ्ठ्यातून कापून एकामागे एक उभी केल्यासारखी दिसतात. २०१८ च्या बंदीआधी गणपतीच्या देखाव्यात थर्माकोलचे मावळे उभे करायचे, आठवतंय? तसं. प्रत्येक मावळा वेगळ्या अंतरावर, पण प्रत्येकाचं नाक सपाट.

आणि पूर्णपणे एआयने बनवलेलं चित्र?

नाही. दोन्ही गटांत नाही. बैठकीला आणा, दाखवा, कौतुक करू. ज्यात कुठेही कॅमेरा उघडला गेला नाही त्याला फोटो म्हणायला माझी जीभ वळत नाही. गटातल्या दोघा तरुणांचं मत वेगळं आहे आणि पुढे-मागे कदाचित तेच जिंकतील.

माझ्याकडे दोन भिंगांचा कॅमेरा नाही.

आमच्यातल्या बहुतेकांकडे नाही. फुजीचा डब्ल्यू-थ्री हा खिशात मावणारा कॅमेरा २०१० मध्ये आला होता, आता जुन्या बाजारात शोधावा लागतो. साधा मोबाइल पुरतो. डाव्या पायावर भार टाकून एक क्लिक, उजव्या पायावर भार टाकून दुसरं. कंबर हलते तितकं अंतर बरोबर डोळ्यांइतकं होतं. जगभरचे स्टिरिओवाले याला "चा-चा" म्हणतात, त्या नावाच्या नाचावरून. आमच्याकडे एका आजींनी याला "लंगडी" असं नाव दिलंय आणि तेच रुळलंय.

"लंगडी"त दोन क्लिकमध्ये सेकंद-दीड सेकंद जातो. तेवढ्यात रिक्षा पुढे जाते. मग तो फोटो खोटा नाही का?

प्रश्न चोख आहे. जांभळी नाक्याच्या बाजारात काढलेल्या एका जोडीत भाजीवाल्या मावशींचा हात डाव्या चित्रात तराजूवर आणि उजव्या चित्रात पिशवीत होता. व्ह्यूअरमध्ये दोन्ही हात एकावर एक लुकलुकत होते. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या की मेंदू आळीपाळीने एकेक दाखवतो, त्याची ही लुकलुक. हलणाऱ्या वस्तूच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. रिक्षा आडवी सरकली तर ती सरक मेंदू खोली म्हणून वाचतो. मग रिक्षा रस्त्याच्या पुढे तरंगते किंवा भिंतीत घुसते, दिशेवर अवलंबून.

कोणी काही बनवलं नाही, तेव्हा हा फोटो जागेवरच्या गटातच घेतो. गुण मात्र जातात. मावशींचा हात एका चित्रातून कापून दुसऱ्यात बसवला की फोटो लगेच टेबलावरच्या गटात. बाजारात फोटो काढायचा असेल तर दोन मोबाइल एका पट्टीवर लावा आणि दोन्हींना एकाच वेळी क्लिक करायला शिका. नाहीतर मावशींना सांगा, त्या थांबतात. वर दोन लिंबंही घ्यायला लावतात.

दोन फोटोंमध्ये अंतर जास्त ठेवलं तर खोली जास्त दिसते. मग ही फसवणूक नाही? डोळ्याला तर तसं कधीच दिसत नाही.

डोळ्याला दिसत नाही हे खरं. येऊरच्या उतारावरून ठाण्याच्या इमारती बघितल्या तर इतक्या लांबच्या गोष्टीत डोळ्यांच्या साडेसहा सेंटिमीटरला काहीच फरक सापडत नाही, सगळं सपाट पडद्यासारखं दिसतं. साधा आडाखा असा: सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतकं अंतर दोन क्लिकमध्ये ठेवा. जवळची इमारत ३०० मीटरवर असेल तर १० मीटर बाजूला चालत जाऊन दुसरा फोटो काढा. मग इमारती अशा उभ्या राहतात की बिल्डरच्या ऑफिसातलं मॉडेल वाटावं.

ही अतिशयोक्ती आहे, पण ती जागेवर पाय वापरून मिळवलेली आहे. दहा मीटरवरून जे दिसलं तेच फोटोत आहे. जागेवरच्या गटात बिनधास्त पाठवा.

माझा लाडका प्रकार म्हणजे लोकलमधून. मानखुर्दहून वाशीकडे निघालं की गाडी खाडीच्या पुलावर येते. समजा वेग तासाला ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १६ ते १७ मीटर. मोबाइलने सेकंदाला दहा फोटोंची माळ काढली तर लागोपाठच्या दोन फोटोंत दीड-पावणेदोन मीटर अंतर पडतं. आडाखा उलटा लावा: तीसपट केलं की पन्नास मीटर. खाडीतल्या होड्यांना अगदी बेतशीर. डाव्या खिडकीतून काढत असाल तर आधीचा फोटो डावा आणि नंतरचा उजवा. उजव्या खिडकीतून काढत असाल तर उलट. खिडकीचे गज मधे आले तर सगळं मुसळ केरात. आणि खिडकीतूनच काढा. दारात लटकून काढलेला फोटो आला तर तो मी बघणारही नाही.

डावं-उजवं उलटं झालं तर काय होतं?

खड्डा उंचवटा होतो, नाक आत जातं, आणि ढग झाडांच्या पुढे येतात. दर वर्षी दोन-तीन प्रवेशिका अशा येतात. आम्ही गुपचूप उलटून घेतो. टेबलावरच्या गटात कोणी मुद्दाम केलं असेल तर तसं लिहा, नाहीतर तेही उलटून टाकू.

फ्लेमिंगोच्या फोटोंना वेगळे नियम आहेत का?

आहेत. ठाण्याची खाडी आणि नेरूळ-सीवूड्सची तळी यांच्या कृपेने आम्हाला गुलाबी रंगाची कधीच कमतरता पडत नाही. निसर्गाच्या फोटोंसाठी आम्ही बाहेरचाच नियम उचललाय. अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी, ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी आणि फियाप या आंतरराष्ट्रीय महासंघाने मिळून निसर्ग फोटोची एकच व्याख्या मान्य केली आहे. चित्रात काही घालायचं नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही. कडा कापताना जे जाईल तेवढंच गेलेलं चालतं. चिखलात पक्ष्याशेजारी प्लास्टिकची पिशवी असली तर ती तिथेच राहील. एकांनी म्हटलं, पिशवीमुळे फोटो घाण दिसतो. फोटो घाण दिसत नाही, खाडी दिसते.

याच व्याख्येनुसार वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलेले फोटो एकत्र करणं चालतं. स्टिरिओत ही मोठी सोय आहे, कारण आपली नजर चित्रात जवळ-लांब फिरते आणि धूसर भागावर गेली की वैतागते. मागचं सगळं धूसर ठेवण्याची सपाट फोटोतली फॅशन इथे चालत नाही. तुकडे जोडून केलेला पॅनोरमा मात्र निसर्गात नाही.

फ्लेमिंगोंसाठी लंगडी विसरा. त्यांचे पायच इतके चालतात की जोडीत प्रत्येकाला चार-चार दिसतात. दोन कॅमेरे, एकच कळ.

टेबलावरचा गट म्हणजे दुय्यम, असंच ना?

असं वाटणारे आमच्यातही आहेत आणि ते चूक आहेत. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं, त्यावरून तेव्हाही गदारोळ झाला होता. फोटोशॉप आलं १९९० मध्ये. जोडकामाची हौस त्याहून सव्वाशे-दीडशे वर्षं जुनी आहे.

उलट स्टिरिओत जोडकाम सपाट फोटोपेक्षा दुप्पट नाही, दसपट कठीण. प्रत्येक फेरफार दोनदा, आणि दुसऱ्यांदा तो नेमक्या सरकीने. सावली टाकायची तर ती जमिनीच्या उतारावर लोळली पाहिजे. गेल्या वेळी एका विद्यार्थ्याने स्वागतयात्रेच्या फोटोत ढोल-ताशा पथकाच्या मधून कागदी होडी सोडली. होडी स्वतः बनवून, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, त्याच अंतराने, त्याच दिशेच्या उजेडात स्टिरिओतच काढली होती. दोन ढोलांच्या मधून ती अशी निघालेली की मी बोट पुढे केलं. तीन दिवस खपला होता पोरगा.

तुम्हाला कळणार कसं मी काय केलंय ते?

बरंचसं व्ह्यूअरमध्येच कळतं. बक्षिसाच्या यादीत आलेल्यांकडून मूळ, न कापलेले फोटो मागतो, दोन्ही बाजूंचे. ते नसतील तर फोटो टेबलावरच्या गटात जातो. अपात्र कोणालाच करत नाही, नावं जाहीर करत नाही. फक्त फोन येतो, आणि माझा चहा गार होतो.

फाइल कशी पाठवायची? लाल-निळ्या चष्म्याची चालेल?

दोन चित्रं शेजारी-शेजारी, डावं डावीकडे, जेपीजी. डब्ल्यू-थ्रीवाल्यांनी एमपीओ (त्या कॅमेऱ्याची, दोन्ही चित्रं एकत्र असलेली फाइल) पाठवली तरी उघडता येते. लाल-निळ्याची नको. त्यात रंगांची वाट लागते: लाल पैठणी एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळी दिसते, नुसती मिणमिणते. जाहिरातीसाठी ठीक, परीक्षणासाठी नाही. भिंतीवर प्रोजेक्टरने का दाखवत नाही, असंही विचारतात. पोलराइज्ड चष्म्यासाठी (थ्रीडी सिनेमाला मिळतो तसा) रुपेरी पडदा लागतो. साध्या पांढऱ्या भिंतीवर प्रकाशाचं पोलरायझेशन बिघडतं आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात. रुपेरी पडदा परवडेल तेव्हा परवडेल.

मला व्ह्यूअरमध्ये काहीच खोली दिसत नाही. माझ्यात दोष आहे का?

काही लोकांचे डोळे जोडीने काम करत नाहीत, त्यांना दिसत नाही. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. परीक्षक म्हणून तुम्हाला बोलावणार नाही, बाकी बैठकीला चहा सगळ्यांना आहे.

तलावपाळीच्या त्या चंद्राचं पुढे काय झालं?

दादांनी पुढच्या वर्षी तोच फोटो टेबलावरच्या गटात पाठवला. या वेळी चंद्र व्यवस्थित सरकवून, देवळाच्या आणि पलीकडच्या इमारतींच्याही मागे. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिला, अर्धा तास पाहिला. हात जोडले आणि वरचे गुण दिले. मग व्ह्यूअर काकांकडे गेला. ते पुन्हा बराच वेळ गप्प.

"वरचा बसलाय," ते म्हणाले. "पाण्यातला?"

शांत पाण्यातलं प्रतिबिंब पृष्ठभागावर नसतं. चंद्र जितका लांब, प्रतिबिंबही खोलीत तितकंच लांब दिसतं. दादांनी आकाशातला चंद्र ढकलला होता, तलावातला तसाच राहिला होता, कठड्याच्या पातळीवर, भाकरीसारखा. दादा काकांच्या हातातून व्ह्यूअर घेऊन खिडकीपाशी गेले, एकदा बघितलं, भिंगं पुसून पुन्हा बघितलं आणि विचारलं, "यंदाची मुदत संपली का?"